हेडसेटमधला कॅसिनो: गोव्यातल्या घरात तो कसा चालतो

डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोरच्या आभासी टेबलावर पत्ते पालथे पडलेले असतात. बघायचे तर हात पुढे न्यायचा, कड चिमटीत धरायची आणि पत्ता जेमतेम उचलून डोकवायचे. डोकावताना मान खाली गेली की ती समोरच्यांना दिसते. एक्क्यांची जोडी बघून क्षणभर थबकलात तर तेही दिसते. मोबाइलवरच्या पोकरमध्ये यातले काहीच नव्हते. तिथे समोरचा माणूस म्हणजे एक नाव, एक गोल फोटो आणि उलटे मोजणारे घड्याळ. व्हीआर, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगातल्या, सोशल कॅसिनोची पारख करताना आम्ही पहिला निकष हाच धरला, की टेबलाभोवती माणसे बसल्यासारखी वाटतात का. वाटतात. त्याचे बाकीचे गुण आणि दोष याच एका गोष्टीतून निघतात.

‘सोशल’ म्हणजे चिप्सना बाहेर किंमत नाही. रोज थोड्या चिप्स फुकट मिळतात. त्या संपल्या तर उद्यापर्यंत थांबायचे, नाहीतर पैसे मोजून नव्या घ्यायच्या. जिंकलेल्या चिप्स मात्र रुपयांत कधीच वठत नाहीत. बहुतेकांची या प्रकाराशी ओळख झाली ती २००७ मध्ये फेसबुकवर आलेल्या झिंगा पोकरमुळे. हेडसेटमध्ये त्याला वळण दिले पोकरस्टार्स व्हीआरने. लकी व्हीआर या स्टुडिओने बनवलेले ते ॲप नोव्हेंबर २०१८ मध्ये आले आणि २०२३ मध्ये त्याचे नाव व्हेगास इन्फिनिट झाले. आधी होल्डेम पोकर, मग ब्लॅकजॅक, रूलेट, क्रॅप्स आणि स्लॉट अशी त्याची वाढ झाली. हा साचा पक्का लास वेगासचा आहे. आपले तीन पत्ती आणि अंदर-बाहर त्यात बसवलेले नाहीत, ही गोव्यातल्या खेळणाऱ्याला पहिल्याच दिवशी जाणवणारी उणीव.

गोमंतकीयांना याचे अप्रूप जास्त असायला कारण आहे. गोव्याच्या १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट मिळाली आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरच्या टेबलांना. आज मांडवी नदीत डेल्टिन रॉयल, मॅजेस्टिक प्राइड, बिग डॅडी ही कॅसिनो जहाजे उभी आहेत. पर्यटकाला एकवीस वर्षे पूर्ण असली की आत जाता येते; गोव्याच्या रहिवाशाला १ फेब्रुवारी २०२० पासून कॅसिनोची दारे बंद आहेत. ती बंद असावीत, असेच आमचे मत आहे. पण टेबलाभोवती बसण्याची आवड इथे जहाजांच्या कितीतरी आधीची. चवथीच्या रात्री आरत्या आटोपल्या, पानाचा डबा फिरला की चटईवर पत्त्यांचा जोड निघतो. त्या चटईवरचा एक भाऊ आता दुबईत असतो, बहीण इंग्लंडमधल्या स्विंडनला, चुलत भाऊ बोटीवर. हेडसेटचा खरा उपयोग आहे तो या चटईसाठी, म्हणजे आपल्याच माणसांच्या खासगी टेबलासाठी. अनोळखी लोकांच्या टेबलासाठी तो आम्ही कोणाला घ्यायला सांगणार नाही.

आता यंत्राकडे वळू. मेटाचा क्वेस्ट ३ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, क्वेस्ट ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये. दोन्हींचा प्रोसेसर एकच, त्यामुळे पत्त्यांचा खेळ दोन्हींवर सारखाच चालतो. फरक डोळ्यांना कळतो. क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल मिळतात आणि भिंगे पातळ पॅनकेक जातीची आहेत. ३एस मध्ये १८३२ बाय १९२० पिक्सेल आणि जुन्या धर्तीची फ्रेनेल भिंगे. गडद हिरव्या बनातीवर पांढरा पत्ता पडला की फ्रेनेल भिंगात त्याच्या कडेने प्रकाशाचे फराटे उमटतात. तासाभराने ते खुपतात. शिवाय क्वेस्ट ३ मध्ये भिंगांमधले अंतर चाक फिरवून ५८ ते ७१ मिलिमीटरमध्ये हवे तिथे लावता येते. ३एस मध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत. तुमच्या बाहुल्यांमधले अंतर ६० किंवा ६६ असेल तर ३एस वर आकडे किंचित पुसट दिसणार आणि कपाळ दुखणार. हे अंतर चष्म्याच्या दुकानात दोन मिनिटांत मोजून मिळते. नंबर तपासताना ते कागदावर लिहूनच घ्या. आमचा कौल असा: अंतर टप्प्यात बसत असेल आणि आठवड्याला एकदाच खेळणार असाल तर ३एस पुरे. चष्मा असेल किंवा दोन-दोन तास बसणार असाल तर क्वेस्ट ३.

दोन्हींचे वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर आहे आणि ते सगळे पुढे, गालांच्या हाडांवर येते. मागचा पट्टा आवळून ते कमी होत नाही, उलट वाढते. डोक्यावरून जाणारा पट्टा आधी घट्ट करायचा, मागचा कवटीच्या खालच्या फुगवट्याखाली बसवायचा आणि मग पुढचा भाग डोळ्यांसमोर हलकेच खाली-वर करून अक्षरे स्पष्ट दिसतात तिथे ठेवायचा. लहान पॉवर बँक मागच्या पट्ट्याला बांधली तर तोल साधतो आणि बॅटरीही पुरते. एरवी क्वेस्ट ३ एका चार्जवर सरासरी सव्वादोन तासांच्या आसपास चालतो. प्रत्येक कंट्रोलरला एक एए सेल लागतो. तो ऐन डावात संपतो आणि हात हवेत गोठतो, म्हणून दोन जादा सेल हाताशी हवेत.

बसायची जागा नीट लावली नाही तर खेळाचा विचका होतो. बिनहाताची, बिनचाकांची खुर्ची घ्या. खरे टेबल समोर ठेवू नका. आभासी टेबल त्याच्या थोडे वर किंवा खाली येते आणि चिप्स सरकवताना बोटांची पेरे लाकडावर आपटतात. हेडसेटमध्ये खेळायच्या जागेची हद्द आखताना ‘स्थिर’ हा पर्याय निवडा, बसा, नजर समोर ठेवा आणि उजव्या कंट्रोलरचे मेटा बटण दाबून धरा. दृश्य तुमच्यासमोर येऊन बसते. टेबल छातीला लागतेय असे वाटले तर जमिनीची पातळी चुकीची नोंदली गेली आहे. ती पुन्हा मोजा. क्रॅप्समध्ये फासे फेकताना हात जोरात जातो. मनगटाचे बंद घातल्याशिवाय फेकू नका आणि उभे राहून खेळत असाल तर डोक्यावरचा पंखा बंद ठेवा.

गोव्याच्या हवेचा विचार कंपनीच्या माहितीपत्रकात नसतो. जून ते सप्टेंबर भिंगांवर वाफ धरते, कारण यंत्र थंड आणि चेहरा गरम. यंत्र चालू करून दहा मिनिटे तसेच ठेवले की ते कोमट होते आणि वाफ धरत नाही. एसीच्या खोलीतून उचलून पडवीत आणले तर हमखास धरते. भिंग पुसायला कोरडे मायक्रोफायबर कापड वापरायचे. स्पिरिट किंवा अत्तराचा फवारा लागला तर लेप उडतो आणि डाग कायमचा राहतो. चेहऱ्याकडचा स्पंज घाम शोषतो आणि आठवड्याभरात कुबट वास येतो, म्हणून धुता येणारे सिलिकॉनचे आवरण घ्या. वापर नसताना सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, हेडसेट कधीही विसरू नका. ऊन भिंगातून आत शिरले की भिंग आतशी काचेचे काम करते आणि काही क्षणांत पडद्यावर पिवळा ठिपका जळतो. तो दुरुस्त होत नाही.

उजेडाचेही तसेच. कॅमेरे खोली बघून तुमचे स्थान ठरवतात. अंधारात ते चाचपडतात, आरशासमोर फसतात. कंट्रोलर न दिसणाऱ्या अवरक्त दिव्यांच्या ठिपक्यांवरून ओळखले जातात, त्यामुळे बारीक दिव्यांच्या माळा त्यांना गोंधळात टाकतात. चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली) रोषणाई लावलेल्या खोलीत खेळायला बसाल तर हात थरथरतो, मध्येच टेबलाच्या पलीकडे उडी मारतो. यंत्र बिघडले असे समजून दुकान गाठण्याआधी माळ बंद करून बघा.

इंटरनेट फारसे लागत नाही. पत्ते, चिप्स, हातांच्या हालचाली आणि आवाज मिळून जाणारी माहिती एखाद्या व्हिडिओ कॉलपेक्षा कमीच असते. वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचे. राउटर ५ गिगाहर्ट्झवर आणि त्याच खोलीत असावा. चिऱ्याच्या जाड भिंतीपलीकडे ही लहर लगेच मंदावते आणि आवाज तुटायला लागतो. पावसाळ्यात वीज क्षणभर गेली तरी हेडसेट बॅटरीवर चालूच राहतो, पण राउटर पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटे घेतो. तेवढ्यात तुमची पाळी येऊन जाते आणि हातातले पत्ते आपोआप फोल्ड होतात, म्हणजे तुम्ही डाव सोडला असे धरले जाते. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस जोडला की ही कटकट कायमची मिटते.

टेबलावर बसल्यावर काय बदलते? सगळ्यात आधी वेग. खऱ्या पोकर टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, संगणकावरच्या टेबलावर त्याच्या दुप्पट किंवा अधिक. व्हीआर या दोहोंच्या मधे कुठेतरी पडते, कारण चिप्स मोजून सरकवाव्या लागतात, पत्ता उचलावा लागतो, कोणीतरी मध्येच काहीतरी बोलतो. हा संथपणा आम्हाला या प्रकाराची मोठी जमेची बाजू वाटते. रूलेटचेच गणित करून बघा. एका शून्याच्या चाकावर ३७ घरे आणि मालकाचा वाटा २.७० टक्के, दोन शून्यांच्या चाकावर ३८ घरे आणि ५.२६ टक्के. तासाला ३५ फेऱ्या आणि प्रत्येक फेरीला १०० चिप्स लावल्या तर पहिल्या चाकावर सरासरी ९५ चिप्स जातात, दुसऱ्यावर १८४. बसण्याआधी चाकाभोवती एकदा मान फिरवा आणि हिरवी घरे मोजा. दोन असली तर उठून दुसरे टेबल बघा. ब्लॅकजॅकच्या बनातीवर छापलेली ओळही वाचा: ‘तीनास दोन’ असेल तर १०० च्या डावावर ब्लॅकजॅक (एक्का आणि दहाच्या मोलाचा पत्ता) लागल्यास १५० मिळतात, ‘सहास पाच’ असेल तर १२० च. चिप्स खोट्या असल्या तरी फुकटच्या चिप्स किती वेळ पुरणार ते याच आकड्यांवर ठरते.

स्लॉट यंत्रांबद्दल थोडक्यात: त्यांच्यापाशी जाऊ नका. तिथे ना सोबत ना संथपणा. दांडा ओढायचा आणि चित्रे फिरताना बघत बसायचे, हे मोबाइलवर होते तेच आहे.

पोकरमध्ये फुकट चिप्सचा एक परिणाम असा, की खालच्या टेबलांवर लोक पहिल्याच डावात सगळ्या चिप्स पुढे ढकलतात. हरले तर उद्या पुन्हा मिळणारच असतात. अशा टेबलावर हूल द्यायला जाल तर कोणी घाबरत नाही, कारण कोणाचे काही जातच नाही. जोडी एक्क्याची किंवा राजाची येईपर्यंत थांबणे हाच तिथला उपाय. थोड्या चिप्स साठवून वरच्या टेबलावर गेलात की खेळ शहाण्यासारखा होतो. तरीही इथे जिंकता येते म्हणून खऱ्या पैशांच्या टेबलावर जिंकता येईल, हा समज कोणी करून घेऊ नये.

समोरच्याला वाचण्याबद्दल मात्र थोडे सांगायला हवे. खेळणाऱ्याचे डोके आणि दोन हात जसे हलतात तसेच टेबलावरच्या त्याच्या आभासी पुतळ्याचे हलतात. चेहरा तसा नाही. क्वेस्ट ३ आणि ३एस मध्ये डोळे किंवा ओठ टिपणारा कॅमेरा नाही. पुतळ्याचे ओठ आवाजावरून हलतात आणि नजर अंदाजाने ठरते. म्हणून हसण्यावर किंवा डोळे मिचकावण्यावर विसंबू नका. बघायचे ते मानेकडे आणि हातांकडे. पत्ता बघितल्यावर ज्याची मान लगेच स्वतःच्या चिप्सकडे वळते त्याला काहीतरी चांगले आलेले असते. चिप्सशी चाळा करणारा हात एकदम थांबला तर तोही बोलका. स्वतःचे पत्ते झाकायचे असतील तर बघून झाल्यावर मान डीलरकडे ठेवायची आणि पाळी येईपर्यंत हलवायची नाही.

आवाज दिशेने येतो. डावीकडचा बोलला की डाव्या कानात, दूरच्या टेबलावरचा हसला की लांबून. चटईवर बसल्याचा भास होतो तो यामुळेच. अनोळखी टेबलावर हीच गोष्ट त्रासाची होते: शिवीगाळ अगदी कानाशी येते, कोणी अंगावर झुकते, बाईचा आवाज ऐकला की नको ते प्रश्न सुरू होतात. आवाज बंद करणे, अडवणे आणि तक्रार करणे ही तीन बटणे कुठे आहेत ते पहिल्या दिवशी, शांतपणे, रिकाम्या टेबलावर शोधून ठेवा. वेळ आल्यावर सापडत नाहीत. एक नियम आपल्या लोकांसाठी खास. सार्वजनिक टेबलावर दोघे ओळखीचे असाल तर डाव चालू असताना कोंकणी-मराठीत आपापसात बोलू नका. खऱ्या कॅसिनोतही डावात एकच सर्वांना कळणारी भाषा चालते, कारण दुसरी भाषा म्हणजे पत्ते सांगितल्याचा संशय.

आता पैशांकडे येऊ. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ बंद केले, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. करमणुकीच्या सोशल खेळांना त्या कायद्यात जागा आहे आणि वर्गणी किंवा प्रवेश शुल्कही चालते, मात्र ती रक्कम पणाला लावलेली नसावी. ही रेघ घरच्या टेबलावरही लक्षात ठेवा. रात्री हेडसेटवर खेळायचे आणि सकाळी व्हॉट्सॲपवर हिशेब करून यूपीआयने पैसे पाठवायचे, असे झाले की तो सोशल खेळ राहत नाही. चिप्स स्वस्तात विकतो म्हणून संदेश पाठवणाऱ्याला तर उत्तरच देऊ नका. त्यात पैसे जातात, खातेही जाते.

ॲपमधून चिप्स विकत घेण्याचे काय? मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने बिग फिश कॅसिनो या सोशल कॅसिनोच्या खटल्यात म्हटले, की अशा चिप्स वॉशिंग्टन राज्याच्या कायद्याप्रमाणे मोलाची वस्तू ठरतात, कारण त्यांच्याशिवाय खेळ पुढे चालत नाही. २०२० मध्ये ते प्रकरण साडेपंधरा कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. म्हणजे हा धंदा उभा आहे तो चिप्स संपल्याच्या त्या क्षणावर. आणि हेडसेटमध्ये तो क्षण जास्त कठीण असतो. शेजारी माणसे बसलेली असतात, कोणीतरी ‘थोडो वेळ बस रे’ म्हणते, हातात कंट्रोलर असतोच आणि घड्याळ दिसत नसते. म्हणून खरेदीला पिन लावा, तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ठरवू द्या, आणि दृश्य मोबाइलवर किंवा टीव्हीवर कास्ट करून ठेवा, म्हणजे घरच्यांना आत काय चालले आहे ते दिसते. एक तासाचा गजर हेडसेटबाहेर, मोठ्या आवाजात लावा. मुलांच्या हाती यंत्र असेल तर ॲपला कुलूप हवेच. तिथे खोट्या चिप्सनी सवय मात्र खरी लागते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. डोके-हात हलवण्याची ढब सहीसारखी प्रत्येकाची वेगळी असते. २०२३ मध्ये बर्कली इथल्या संशोधकांनी बीट सेबर या व्हीआर खेळाच्या ५० हजारांहून अधिक खेळाडूंच्या हालचाली तपासल्या, तेव्हा शंभर सेकंदांच्या नोंदीवरून ९४ टक्के वेळा माणूस बिनचूक ओळखता आला. टोपणनाव घेऊन खेळलात तरी हातांची सही टेबलावर राहते, हे ध्यानात असू द्या.

ज्यांना पूर्वी पत्त्यांनी, मटक्याने किंवा जत्रेतल्या गडगड्याच्या जुगाराने कर्जात घातले आहे त्यांनी हे यंत्र घेऊ नये. दिवे, आवाज, चिप्सची खळखळ सगळे तंतोतंत आहे आणि सुटलेली सवय तेवढ्यावर परत येते. घरात कोणाची अशी ओढाताण चालू असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, आणि बांबोळीच्या आयपीएचबी या मनोरुग्णालयामध्ये मानसोपचारतज्ज्ञ भेटतात.

बाकीच्यांनी घ्यायचेच तर एक नको, दोन घ्या, किंवा दुसरीकडच्या भावाकडे आहे याची खात्री करून एक घ्या. एकट्याचा हेडसेट महिन्याभरात कपाटात जातो. आखातातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवत असाल तर वॉरंटी कोणत्या देशाची आहे ते पावतीवर बघा, आणि दुबईचा चार्जर तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याला ॲडॉप्टर लागेल. खासगी टेबलाची वेळ रविवारी ठेवा. पणजीत रात्रीचे साडेनऊ म्हणजे दुबईत आठ आणि स्विंडनला उन्हाळ्यात संध्याकाळचे पाच, हिवाळ्यात चार. तिन्हीकडे दोन तास निघतात, आणि बॅटरीही साधारण तेवढीच टिकते.